हजेरीपटावरची मुलं, गल्लीतली मुलं: मानखुर्दमधल्या दिवाळी भेटींचं एक प्रकरण

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी वसुबारस. मानखुर्दच्या एका वस्तीत बालवाडीसमोरच्या मोकळ्या जागेत दोनशे भेटपिशव्या रचून ठेवल्या होत्या. बालवाडी आणि संध्याकाळची अभ्यासिका मिळून हजेरीपटावर १८४ मुलं, म्हणजे सोळा पिशव्या वरच्या. कागदावर हिशोब चोख होता. वाटप सुरू झाल्यावर पन्नास मिनिटांत पिशव्या संपल्या आणि रांगेत ऐंशी-नव्वद मुलं तशीच उभी राहिली. संध्याकाळी यादी पडताळली तेव्हा खरं चित्र दिसलं. पटावरच्या १३९ मुलांना पिशव्या मिळाल्या होत्या, ६१ पिशव्या पटाबाहेरच्या मुलांकडे गेल्या होत्या आणि पटावरचीच ४५ मुलं रिकाम्या हातानं राहिली होती. त्यातली १९ तर आधीच गावाला निघून गेली होती.

रांगेत एक सात-आठ वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मधला भाऊ बालवाडीत जातो, त्याला पिशवी मिळाली. ही अभ्यासिकेत येत नाही, कारण आई घरकामाला गेली की धाकट्याला हीच सांभाळते. ज्या कारणानं तिचं नाव पटावर नव्हतं, त्याच कारणानं तिचा नंबर सगळ्यात आधी लागायला हवा होता. पुढच्या वर्षी जे बदललं ते या एका गोष्टीवरून बदललं, म्हणून हे प्रकरण तिथूनच सुरू केलं आहे.

उपक्रम चेंबूरच्या काही सोसायट्यांतल्या महिला मंडळाचा. बालवाडी चालवणारी संस्था नोंदणीकृत न्यास आहे, मंडळ नाही. वस्ती चार गल्ल्यांची. बिगारी, नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, भंगार वेचणारी कुटुंबं, बरीचशी भाड्याच्या खोल्यांत. गल्लीत हिंदू, मुस्लीम, बौद्ध घरं मिसळून आहेत आणि दिवाळीची भेट सगळ्यांच्या मुलांना, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्यावरून कधी वाद झाला नाही.

पहिल्या वर्षी काय काय चुकलं

मूळ चूक यादीची. हजेरीपट हा शाळेचा कागद आहे, वस्तीचा नाही. त्यावर रोज येणारी मुलं असतात. धाकट्यांना सांभाळणाऱ्या मुली, दर दोन-तीन महिन्यांनी खोली बदलणाऱ्यांची मुलं, तीन वर्षांखालची आणि दहाच्या पुढची मुलं त्यावर नसतात. एका घरात तीन मुलं असतील आणि एकाच्याच हातात नवा शर्ट आला, तर त्या घरात भांडण देऊन आलो असं समजावं.

दुसरी चूक इच्छापत्रांची. मुलांना काय हवं ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि एका दात्यानं एका मुलाची इच्छा पुरी करायची, ही पद्धत अमेरिकेतल्या ‘एंजल ट्री’वरून घेतली होती. साल्व्हेशन आर्मीनं १९७९ साली व्हर्जिनियातल्या एका मॉलमध्ये ती ख्रिसमससाठी सुरू केली. तिथे भेट ज्याच्या त्याच्या घरी उघडली जाते. मानखुर्दच्या गल्लीत ती सगळ्यांसमोर उघडते. एका मुलाला रिमोटची गाडी आली, शेजारच्याला बाराखडीचं पुस्तक. दोघांनीही चिठ्ठीत सायकल लिहिली होती. दात्यांचा हेतू चांगलाच होता, पण एकाचं बजेट तेराशे आणि दुसऱ्याचं दोनशे असलं की मुलाला समजतं ते इतकंच, की आपल्याला कमी मिळालं.

तिसरी चूक मापांची. कपडे वयावरून घेतले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी आढळली होती. अशा वस्तीत ‘सहा वर्षं म्हणजे २८ नंबर’ हा दुकानातला हिशोब लागू पडत नाही. सहा वर्षांच्या मुलाला २४ नंबर लागतो आणि २८ चा शर्ट त्याच्या गुडघ्यापर्यंत येतो.

बाकी गोष्टी लहान, पण त्रास देणाऱ्या. चिवड्याचं पाकीट आणि कपडे एकाच पिशवीत भरले होते. तेल झिरपलं आणि कितीतरी नव्या फ्रॉकवर वाटपाआधीच डाग पडले. पणत्या तळाशी होत्या, त्यांचे तुकडे झाले.

आणि मग बॅनर. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबर २०२४ ला लागली होती, मतदान २० नोव्हेंबरला होतं. वाटपाच्या आदल्या रात्री कुणीतरी मैदानाच्या कठड्यावर एका स्थानिक इच्छुकाचा शुभेच्छा फलक लावला. सकाळी तक्रार गेली, भरारी पथक आलं. खरेदीची बिलं, संस्थेचं पत्र, पैसे कुठून आले, सगळं तपासून होईपर्यंत एक तास वीस मिनिटं गेली. पथकानं आपलं काम नीट केलं. तयारी मंडळाची नव्हती. बिलं खजिनदाराच्या घरी चेंबूरला होती आणि निवडणूक कार्यालयाला आधी एक साधं पत्रही दिलेलं नव्हतं. तेवढ्या वेळात ऑक्टोबरच्या उन्हात गर्दी वाढत गेली. वाटप होणार आहे ही बातमी शेजारच्या गल्ल्यांत पोचली ती याच वेळात.

आचारसंहितेच्या काळात असं वाटप असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला आधी लेखी कळवावं. बिलांच्या प्रती टेम्पोतच ठेवाव्यात. पन्नास हजारांवर रोकड कागदपत्रांशिवाय बरोबर नेऊ नये, ती जप्त होऊ शकते. फलक कुणाचाच नको, मंडळाचाही नको.

२०२५ ची यादी: घर हेच माप

२०२५ च्या बैठकीत पहिला ठराव झाला की संख्या मुलांवरून नाही, घरांवरून काढायची. चार गल्ल्यांतलं प्रत्येक घर आणि त्या घरातलं शून्य ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल. बालवाडीत येतं की नाही हा प्रश्नच विचारायचा नाही. दोन-तीन सभासदांचं म्हणणं होतं की अशानं पैसे पुरणार नाहीत, खरी गरज कुणाला आहे ते बघून निवड करू. हा आग्रह वरवर शहाणपणाचा वाटतो. पण चार गल्ल्यांत ‘जास्त गरीब’ कोण हे बाहेरच्यांनी अर्ध्या तासात ठरवायचं म्हणजे ज्याला बोलता येतं त्याला मिळणार. पिशवी स्वस्त करू, पण गल्लीतलं घर वगळायचं नाही, यावर शेवटी एकमत झालं.

यादी गणपती विसर्जनानंतर, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन संध्याकाळी झाली. वेळ साडेसहा ते नऊ, कारण दिवसा घरी आईवडील नसतात आणि मूल शेजाऱ्यांची पोरंही आपलीच भावंडं म्हणून सांगतं. प्रत्येक जोडीत एक बालवाडीची ताई आणि एक मंडळाची बाई. अंगणवाडी सेविका दोन संध्याकाळी स्वतःहून बरोबर फिरल्या. तिचं रजिस्टर सरकारी असतं, ते मागू नये. पण सहा वर्षांखालचं मूल कोणत्या घरात आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

पहिल्या संध्याकाळी एक घोळ झाला. लक्षात राहावं म्हणून एका जोडीनं दारांवर खडूनं आकडे टाकायला सुरुवात केली. दहाव्या घराला गल्लीत कुजबुज सुरू झाली आणि पंधराव्या घराला बायका जमल्या: सर्व्हे कुणाचा? तोडणार का? झोपुची (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची) माणसं आहेत का? झोपडपट्टीत दारावर आकडा आणि हातात वही म्हणजे पुनर्वसनाची पात्रता नाहीतर तोडकाम, असाच अर्थ लावला जातो. ताईंनी समजूत घातली, आकडे पुसले आणि पुढे नकाशा वापरला. एका मोठ्या कागदावर गल्लीची रेघ, तिच्यावर खुणा: सार्वजनिक नळ, पिठाची गिरणी, किराणा दुकान, संडास. त्या खुणांच्या मध्ये घरांचे चौकोन. आकडे फक्त कागदावर. आधार कार्ड मागायचं नाही, फोटो काढायचा नाही. आईचं हाकेचं नाव, मुलांची संख्या, प्रत्येकाचं वय, मुलगा की मुलगी, उंची आणि दोन खेळांपैकी कोणता हवा, एवढंच लिहायचं.

उंची मोजायला शिंप्याची टेप पुरते. ती दाराच्या चौकटीला खाली शून्य ठेवून सेलोटेपनं चिकटवायची, मुलाला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर वही आडवी धरायची आणि वहीच्या खालच्या कडेचा आकडा घ्यायचा. एका मुलाला वीस सेकंदं लागतात. मुलांना हे फार आवडतं, जी घरात नव्हती तीही धावत आली. कपड्याच्या दुकानदाराकडून उंची आणि नंबर यांचा तक्ता आधीच लिहून घेतला होता, कारण एका उत्पादकाचा २६ दुसऱ्याच्या २४ एवढा निघू शकतो. मूल दोन नंबरांच्या मध्ये असेल तर मोठा धरायचा.

तीन संध्याकाळींनंतर आकडा आला: २४६ घरं, ४३८ मुलं. शून्य ते तीन वयाची ७९, बालवाडीच्या वयाची १२८, सात ते दहा १३७, अकरा ते चौदा ९४. म्हणजे तीन ते दहा वयाची २६५ मुलं वस्तीत होती आणि आदल्या वर्षीच्या पटावर होती १८४. अकरा ते चौदाची ९४ तर त्या वर्षी कुणाच्या हिशोबातच नव्हती. भेट वाटणाऱ्या उपक्रमांत हा वयोगट नेहमी सुटतो, कारण त्यांचे फोटो गोड येत नाहीत.

पैसे आणि खरेदी

मंडळ नोंदणीकृत नसल्यानं देणग्या बालवाडीच्या न्यासाच्या खात्यावर घेतल्या. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांना हा रस्ता माहीत असतो, दिवाळीत वर्गणी काढणारे मात्र तो विसरतात. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८० जी कलमाची करसवलत हवी असलेल्या दात्याला तीन गोष्टी आधीच सांगाव्यात. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. वस्तूरूपानं दिलेल्या देणगीलाही नाही. आणि पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक दिला नाही तर देणगीचं १०बीई प्रमाणपत्र तयार होत नाही. न्यासाला त्याचं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं. मार्चनंतर पॅनसाठी पन्नास फोन करण्यापेक्षा पावती फाडतानाच तो लिहून घ्यावा.

पिशव्या ४३८ अधिक ३२ राखीव, एकूण ४७०. दर पिशवीला सरासरी ४८० रुपये: कपडे ३१०, खेळ ९०, वह्या-रंग ५८, कापडी पिशवी २२. फराळ मुलामागे नाही, घरामागे, २६० घरांसाठी प्रत्येकी ३२० रुपये. टेम्पो, कूपन छपाई, ताडपत्री, खोके, चहापाणी मिळून १०,५००. सगळं मिळून ३,१९,३००. आदल्या वर्षी एका पिशवीला ८५० रुपये लागले होते.

खरेदीचं वेळापत्रक पंचांग बघूनच करावं लागतं. २०२५ मध्ये पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर होता. त्या पंधरवड्यात बरेच लोक नवे कपडे घेत नाहीत, त्यामुळे दादर पूर्वेच्या घाऊक बाजारात दुकानदाराला बसून बोलायला वेळ असतो. मंडळातल्या काहींना पितृपक्षात खरेदी नको होती. तोडगा असा निघाला की माप आणि भाव त्या दिवसांत ठरवायचे, माल घटस्थापनेला उचलायचा. घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. वह्या, पेन्सिली, खडूरंग, खोडरबर, शार्पनर यांच्यावरचा कर शून्यावर आला. अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या एका घाऊक दुकानात जुन्या दरानं बिल करू पाहत होते, ते बदलून घ्यावं लागलं. दसऱ्यानंतर गेलात तर मधले नंबर संपलेले असतात आणि उरलेल्या मालाचा भाव चढलेला असतो.

घाऊक कपड्यात खरी अडचण सेटची. दुकानदार एकेक नंबर सुटा देत नाही. २२ पासून ३२ पर्यंत एकेक नग असा सेट बांधलेला असतो. तुम्हाला २४ चे साठ आणि ३२ चे वीस हवे असतील तर हिशोब बसत नाही, सेट घेतले की मोठे नंबर अंगावर पडतात. इथे दोन गोष्टी कामी आल्या. एक तर तुटके सेट, म्हणजे एखादा नंबर विकला गेल्यानं अर्धवट राहिलेले, घ्यायची तयारी दाखवली. डिझाइन वेगवेगळी आली, पण त्यानं काही बिघडलं नाही, उलट सगळी मुलं एकाच कापडात दिसली नाहीत. अनाथाश्रमाचा गणवेश घातल्यासारखं दिसणं मुलांना नको असतं. दुसरं, १६ ऑक्टोबरपर्यंत न वापरलेला कपडा बदलून मिळेल असं बिलावरच लिहून घेतलं.

खेळण्यांत भारतीय मानक चिन्ह नसलेला माल घेतला नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते सक्तीचं आहे, पण रस्त्यावरच्या ढिगात अजूनही बिनचिन्हाचा माल सापडतो. तीन वर्षांखालच्यांसाठी आणखी एक चाचणी आहे. खेळण्याचा सुटा होणारा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण बसला तर तो घशात अडकू शकतो. घरी करायची तर सव्वा इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्यावा. तो आतून थोडा मोठाच असतो, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. बटण सेलचं खेळणं स्क्रूनं बंद झाकण असल्याशिवाय घेऊ नये. सेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत भाजते.

सोसायट्यांतून जुनी खेळणीही आली, सहा गोण्या. धुऊन, तपासून, भाग पुरे आहेत का बघून वापरण्याजोगी दीड गोणी निघाली आणि तीही कुणाच्या पिशवीत न घालता बालवाडीच्या कपाटात ठेवली. दिवाळीच्या भेटीत जुनी वस्तू नको, यावर आमचं मत पक्कं आहे. जुनं वर्षभर द्यावं, सणाला नाही.

मोठ्यांसाठी, म्हणजे अकरा ते चौदा, खेळ म्हणून बॅडमिंटनची जोडी किंवा बुद्धिबळ यातलं एक निवडायचं होतं. मुलींनी बॅडमिंटन जास्त मागितलं. फटाके द्या असा आग्रह काही दात्यांनी धरला होता. पत्रे आणि ताडपत्र्यांची छपरं, हातभर रुंद गल्ल्या. नकार लगेच दिला.

फराळ बचत गटाकडून घेतला: अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा आणि अर्धा किलो शंकरपाळी. पाकिटावर गटाचं नाव, अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक, भरल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवायचं ते. माव्याची मिठाई नाही, सणाच्या दिवसांत मावा कुठला येईल सांगता येत नाही आणि उकाड्यात तो टिकत नाही. फराळ वाटपाच्या दोन दिवस आधीच ताब्यात घेतला, त्याआधी नाही. चिवड्यातले अख्खे शेंगदाणे आणि डाळं लहानग्यांना देऊ नका, हे प्रत्येक घरी तोंडी सांगितलं. फराळाबरोबर उटण्याची पुडी, एक साबण आणि चार पणत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत.

भरणं

बालवाडीची खोली बारा बाय अठरा फूट. माल लाकडी फळ्यांवर, वरून ताडपत्री. मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमाराला परततो, पण त्या आठवड्यात एखादी सर येतेच आणि वस्तीतल्या खोलीत पाणी छपरातून नाही, उंबऱ्यातून आत शिरतं.

प्रत्येक पिशवीच्या कानाला एक चिकटपट्टी. तिच्यावर मुलाचं नाव नाही. लिहिलेलं असं: ‘ग२ / घ३७ / ३ पैकी १ / मुलगी / २६ / रंगखडू’. गल्ली दोन, घर सदतीस, त्या घरातल्या तीन पिशव्यांपैकी पहिली, कपड्याचा नंबर, निवडलेला खेळ. ‘३ पैकी १’ हा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण टेबलावरच्या बाईला बघताक्षणी कळतं की या घराच्या अजून दोन पिशव्या आहेत. एका घराच्या पिशव्या सुतळीनं एकत्र बांधल्या आणि खोक्यात उलट्या क्रमानं रचल्या, पहिलं घर सगळ्यात वर येईल असं.

तपासणी डोळ्यांनी केली की चुका राहतात, बाराव्या पिशवीनंतर सगळ्या पिशव्या सारख्या दिसायला लागतात. इथे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरला. एकाच वयोगटाच्या, एकाच नंबराच्या पिशव्यांचं वजन दहा-वीस ग्रॅमच्या फरकानं सारखं भरतं. वही राहिली असेल तर शंभर-सव्वाशे ग्रॅमची तूट लगेच दिसते. ४७० पैकी १९ पिशव्यांत काही ना काही कमी निघालं, बहुतेक वेळा वही, दोनदा खेळ. काटा नसता तर ती १९ मुलं वाटपाच्या दिवशी कळली असती.

वाटप

तारीख १२ ऑक्टोबर, रविवार, वसुबारसेच्या पाच दिवस आधी. आदल्या वर्षीचा धडा होता की शाळांना सुट्टी लागली की कुटुंबं गाडी पकडतात. २ ते ८ ऑक्टोबरच्या दान उत्सवातच, म्हणजे देण्याच्या आठवड्यातच, वाटप करावं अशी एक सूचना होती, पण तेव्हा माल भरून झाला नसता.

कूपनं दोन भागांची, प्रत्येक गल्लीचा रंग वेगळा, मागे संस्थेचा जांभळा शिक्का. ती फक्त तीन दिवस आधी घरोघर दिली. पंधरा दिवस आधी दिली तर रंगीत झेरॉक्स निघते, हरवतात, कुणी विकत घेतं. कूपन घरामागे एक, आईच्या हातात. तिच्यावर वेळ छापलेली: पहिली गल्ली नऊ वाजता, मग दर तासाला एकेक. घरं होती ५८, ७१, ४९ आणि ६८. दोन टेबलं, एका घराला दीड मिनिट धरलं तर सगळ्यात मोठ्या गल्लीला त्रेपन्न मिनिटं लागतात, म्हणून तासाचा हिशोब. छापायच्या आधी ताईंनी एक चूक पकडली. तिसऱ्या गल्लीचं पाणी अकराला येतं. नळाच्या वेळी तिथली बाई पिशवीसाठी घर सोडणार नाही आणि सोडून आली तर तिचं दिवसभराचं पाणी गेलं. त्या गल्लीला बाराची वेळ दिली, चौथीला अकराची.

मंच नव्हता, माइक नव्हता, पाहुणे नव्हते. महापालिका निवडणुकीचं वारं तेव्हा वाहायला लागलं होतं आणि शुभेच्छा फलकाची विचारणा आलीच. न्यासाच्या पत्रावर लेखी नकार दिला. मुलांना रांगेत उभं केलं नाही. खोलीच्या पुढच्या दारानं आई किंवा वडील आत येतात, कूपनाचा अर्धा भाग फाडून घेतला जातो, घराचा सुतळीबंद गठ्ठा आणि फराळाची पिशवी हातात येते, मागच्या दारानं बाहेर. भेट आईनं द्यायची, वाटेल तेव्हा, वाटेल तशी. काहींनी ती नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत फळीवर लपवून ठेवली. मुलाच्या लेखी ती आईनं आणलेली असावी, हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, आणि त्यासाठी दात्यांचा नाराजीचा सूर ऐकून घ्यावा.

दात्यांना फोटो हवे होते. रचलेल्या पिशव्या, याद्यांचे गठ्ठे, मापं घेणारी टेप एवढ्याचेच फोटो पाठवले. बालगृहातल्या, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वस्तीतली मुलं आईबापांजवळ राहतात, तरी मंडळानं नियम तोच ठेवला. हातात पिशवी धरलेला चेहरा चार वर्षांनी शाळेतल्या कुणाच्या तरी मोबाइलवर निघतो. एका दात्यानं यावरून पुढची देणगी थांबवली.

दुपारी एक वीसला शेवटचं घर झालं. २४६ पैकी २३१ कूपनं परत आली. उरलेल्या १५ घरी संध्याकाळी ताया गेल्या, ९ सापडली, ६ गावाला गेलेली. त्यांचे गठ्ठे बालवाडीच्या कपाटात कुलूपबंद ठेवले.

दाराशी १७ घरांची माणसं कूपनाशिवाय आली. राखीव पिशवी दारात द्यायची नाही, हा नियम कडक पाळला, कारण एक दिली की दहा मिनिटांत बाहेर तीस जण उभे राहतात. त्यांची नावं आणि खुणा लिहून घेतल्या, उद्या घरी येतो असं सांगितलं आणि सोमवारी संध्याकाळी खरंच गेलो. १२ घरं चार गल्ल्यांतलीच निघाली, यादीनंतरच्या चार आठवड्यांत भाड्यानं आलेली. त्यांच्या २१ मुलांना पिशव्या मिळाल्या, मापं तिथेच घेऊन राखीव साठ्यातून कपडे बदलून.

मापांच्या तक्रारी ३४. सुट्या राखीव कपड्यांतून २३ जागेवर सुटल्या, ११ कपडे १५ तारखेला दादरला जाऊन बदलून आणले. बहुतेक चुका घरी नसलेल्या मुलांच्या होत्या, ज्यांची उंची आईनं हातानं दाखवली होती: ‘एवढा आहे.’ आईचा हात साधारण चार बोटं वर जातो.

उरलेलं

राखीव ३२ पैकी ११ पिशव्या उरल्या, फराळाचे दोन संच. फराळ लगेच बालवाडीच्या मदतनीस आणि सफाई करणाऱ्या ताईंना दिला. पिशव्यांवरून बैठकीत बराच वेळ गेला. सतरा घरांतली उरलेली पाच घरं पाचव्या गल्लीतली होती, नाल्यापलीकडची, आणि त्यांची मुलं आठ. अकरा पिशव्या होत्या, देता आल्या असत्या. पण पाचव्या गल्लीत साठ-सत्तर घरं आहेत. दोन बायकांचं मत होतं की आलेल्या माणसाला परत पाठवू नये. तायांचं मत होतं की आठ मुलांना दिलं तर नाल्यापलीकडे २०२४ पुन्हा घडेल आणि तेही दिवाळीच्या चार दिवस आधी. तायांचं ऐकलं. पाचही घरी जाऊन तसं तोंडावर सांगितलं. एका बाईनं दार लावून घेतलं.

त्या अकरा पिशव्यांतल्या वह्या-रंग अभ्यासिकेत गेले, कपडे पुढच्या वर्षीच्या राखीव साठ्यात. २०२६ मध्ये अधिक महिना असल्यानं दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला येते. पितृपक्ष त्यानंतर लगेच, म्हणजे कपड्यांची बोलणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करता येतील. यादी मात्र गणपतीच्या आधी, ऑगस्टमध्ये सुरू करायची आणि वाटपाच्या आठ दिवस आधी नव्या भाडेकरूंसाठी पुन्हा एक फेरी मारायची. पहिल्या तीन संध्याकाळी नाल्यापलीकडच्या गल्लीत.